मेंदूला इजा झालेल्या मुलांचं उन्हाळी शिबिर: सोलापुरात पहिल्यांदाच घेणार असाल तर

एप्रिल अर्धा सरला की फोन सुरू होतात. "बाई, आम्हीपण असं शिबिर घ्यावं म्हणतोय. कार्यक्रमांची यादी पाठवता का?" यादी मी पाठवत नाही. पहिल्या वर्षी मीही यादीपासूनच सुरुवात केली होती. ३० मुलं, सकाळी ९ ते दुपारी १, चित्रकला-नाच-गोष्टी-खेळ असा भरगच्च तक्ता आणि शेवटच्या दिवशी स्टेजवर गॅदरिंग. तिसऱ्या दिवसापासून निम्मी मुलं यायची बंद झाली. गॅदरिंगच्या तालमीत एका मुलाला फिट आली. आदल्या रात्री तो हुरुपाने झोपलाच नव्हता, सकाळची गोळी गडबडीत राहिली होती आणि वरून आपलं सोलापूरचं ऊन. तिन्ही गोष्टी आम्ही विचारल्या असत्या तर कळल्या असत्या. विचारल्याच नाहीत.

तेव्हापासून शिबिर दर वर्षी लहान होत गेलं. आता १२ मुलं, ८ दिवस, रोज अडीच तास. काय करायचं ते एका संध्याकाळी ठरतं. कधी थांबायचं ते ठरवायला मात्र दोन महिने लागतात.

मुलं कोणती, आणि ती सापडतात कुठे

ढोबळपणे दोन गट. एक, जन्माच्या आसपास मेंदूला इजा झालेली, म्हणजे बहुतेक सेरेब्रल पाल्सीची (मेंदूच्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडलेली) मुलं. दुसरा गट चांगली चालती-बोलती असताना काहीतरी घडलेल्यांचा: गच्चीवरून पडणं, दुचाकीचा अपघात, मेंदूज्वर, विहिरीत बुडता बुडता वाचणं, गाठीचं ऑपरेशन. दोघांनाही शिबिर चालतं, पण दुसऱ्या गटातल्या मुलाला बऱ्याचदा आधीचा स्वतः आठवत असतो. "मी आधी सायकल चालवायचो" हे वाक्य दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. त्यावर "पुन्हा चालवशील" असं पटकन म्हणू नका. "कुठली होती सायकल?" असं विचारा आणि ऐका.

पहिल्या गटातली मुलं विशेष शाळांत, फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत, सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागात भेटतात. दुसऱ्या गटातली खूपशी मुलं साध्या शाळेत मागच्या बाकावर असतात. पाचव्या वर्षी डोक्याला मार लागला, टाके पडले, महिन्याभरात मूल धावायला लागलं, सगळे म्हणाले बरं झालं. मग सहावी-सातवीत गणित वाढतं, वही-गृहपाठ स्वतः सांभाळायची वेळ येते आणि मूल कोसळतं. मेंदूच्या ज्या भागाला तेव्हा इजा झाली, त्याचं खरं काम आत्ता सुरू होत असतं. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात हट्टी झालाय. म्हणून शाळांना चिठ्ठी पाठवताना "दिव्यांग मुलं" एवढंच लिहू नका. "पूर्वी डोक्याला मोठा मार, मेंदूज्वर किंवा मेंदूचं ऑपरेशन झालेली मुलं" असं स्पष्ट लिहा.

प्रवेशासाठी प्रमाणपत्र मागू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. सेरेब्रल पाल्सी त्यात नावानिशी आहे, डोक्याच्या दुखापतीचा मात्र वेगळा रकाना नाही. हाता-पायाची अडचण, बौद्धिक अडचण, चेतासंस्थेचा दीर्घ आजार अशा जो लागू पडेल त्या नावाखाली ते मूल बसवावं लागतं, आणि म्हणून कित्येकांकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसतं. उलट शिबिरातच एक दिवस माहितगार माणूस बसवून पालकांचे अर्ज भरून घ्या. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही १ लाखापर्यंतची आरोग्यविमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अडचण आणि बहुविकलांगता या चौघांसाठी आहे. दाखल्यावर काय लिहिलंय त्यावर सगळं अडतं, हे पालकांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी घरी जा

फॉर्म व्हॉट्सअॅपवर पाठवून भरून घेता येतो, पण त्याने काही कळत नाही. प्रत्येक घरी अर्धा तास बसा. औषधांची नावं, वेळा आणि डोस कागदावर घ्या, गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो काढा. शेवटची फिट कधी आली आणि ती कशी दिसते ते विचारा, कारण काही मुलांना हातपाय झटकत नाही, नुसती नजर लागते. डोक्यात शंट आहे का, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी नळी? ऑपरेशनच्या वेळी कवटीचं हाड काढून ठेवलंय का? तसं असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय आणि डोक्यावर संरक्षक टोपी असल्याशिवाय ते मूल कुठल्याच खेळात नाही. दुखापत अलीकडची असेल त्यांनाही चेंडू, झोका, चक्री, शिड्या बंद. एक मार भरून आलेला नसताना दुसरा बसणं फार वाईट.

मग तो प्रश्न, जो मी सगळ्यात शेवटी विचारते: "दमल्यावर तो काय करतो?"

आया आधी म्हणतात, झोपतो. थोडं थांबलं की खरं उत्तर येतं. उगाच हसत सुटतो. शिव्या देतो. लाळ गळायला लागते. बोलणं जड होतं. हा थकवा खेळून आलेल्या पोराचा नव्हे. ताठ बसणं, भोवतीच्या गोंगाटातून एकच आवाज वेगळा ऐकणं, हवा तो शब्द सापडणं, ही तुमच्या-माझ्या मेंदूची आपोआप होणारी कामं ही मुलं कष्टाने करत असतात. तासाभरात बॅटरी उतरते, आणि ती जांभई देऊन सांगत नाही.

आमच्याकडे सातवीतला एक मुलगा येतो. सकाळी त्याचा डावा पाय बरा उचलतो. दमत आला की डावी चप्पल फरशीला घासू लागते, सर्र, सर्र. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, विचारलं तर "नाही दमलो" म्हणतो. आता त्याच्या ताईने, म्हणजे त्याच्याबरोबरच्या स्वयंसेविकेने, कान चपलेकडे लावलेला असतो. पहिली सर्र ऐकली की ती त्याला पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर काढते. प्रत्येक मुलाची अशी एक चप्पल असते. ती शिबिर सुरू व्हायच्या आत शोधा आणि स्वयंसेवकाच्या कागदावर सगळ्यात वर लिहा.

घरी कोणती भाषा बोलतात तेही तिथेच कळतं. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, काही घरांत उर्दू. एका मुलीने दोन दिवस मराठीत एक शब्द उच्चारला नव्हता. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाच्या अक्कांनी जाता जाता "नीळ्ळु कावाला?" विचारलं, पाणी हवंय का एवढंच, आणि तिने मान वर करून हात पुढे केला. तेव्हापासून आमच्यात निदान एकजण तेलुगू आणि एकजण कन्नड जाणणारा असतोच.

जागा आणि वेळ

मे महिन्यात इथे पारा ४२-४३ ला टेकतो. मेंदूच्या इजेनंतर काहींचं शरीर तापमान नीट सांभाळत नाही. त्यात टोपिरामेट, झोनिसामाइड यांसारखी फिटची काही औषधं घामच कमी आणतात. अंग तापतं आणि कोरडं राहतं. म्हणून शिबिर साडेसहाला सुरू, ९ ला बंद. "एवढ्या लवकर मुलं येतील का?" येतात. शिबिर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उरकलं तर आणखी बरं.

शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग घ्या. पत्र्याचं शेड फुकट मिळालं तरी नको. पायऱ्या असतील तर रॅम्प हवा, आणि १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा. फळी टाकून केलेल्या उतारावरून व्हीलचेअर उलटते. संडास स्वतः जाऊन बघा. कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. नळाला पाणी काही दिवसांआड येतं हे आपल्याला नवीन नाही, पण शिबिरात रोज दहा वेळा कुणाला तरी धुवायचं असतं. दोन ड्रम भरून ठेवा आणि प्यायचे जार वेगळे.

आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. पण त्याची घरघर काही मुलांना सहन होत नाही. आम्ही तो सहा वाजता लावतो, खोली गार करतो आणि मुलं आली की बंद करून नुसते पंखे ठेवतो. तारखा ठरवताना पंचांग उघडा. लग्नाच्या दाट तिथी असतील आणि शेजारी मंगल कार्यालय असेल तर बँड ठरलेला. जयंत्यांच्या मिरवणुका, रस्त्यावरचे डीजे हेही बघा. आणि हो, सोलापुरी टॉवेल. प्रत्येकाला एक. ओला करून मानेभोवती टाकला की पंख्याखाली अर्ध्या मिनिटात मूल शांतावतं. आमच्या शिबिरातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं सामान.

ने-आणीसाठी रिक्षा ठरवा, पैसे शिबिराने द्या. तोल नसलेल्या मुलाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये चेपून आणतात, हेल्मेटशिवाय. ४ वर्षांवरच्या प्रत्येक स्वाराला हेल्मेट लागतं हा कायदा आहेच, पण ज्याच्या डोक्याला एकदा मार बसलाय त्याच्या घरीसुद्धा हे सांगावं लागतं याचं मला दर वर्षी नव्याने नवल वाटतं.

माणसं

एका मुलामागे एक स्वयंसेवक, वर दोघं जादा. नर्सिंग, फिजिओथेरपी, विशेष शिक्षण यांचे विद्यार्थी आनंदाने येतात. आधी दोन संध्याकाळी शिकवणी घ्या. मुलाला उठवताना अधू हात ओढायचा नाही. खांदा सैल असतो, निसटतो. चालताना अधू बाजूला उभं राहायचं. बोलताना एका वेळी एकानेच बोलायचं, छोटं वाक्य, आणि मनात दहा मोजून उत्तराची वाट बघायची. दहा मोजणं नव्या पोरांना फार जड जातं. मधेच उत्तर स्वतःच देऊन टाकतात.

पाहुणे नकोत. उद्घाटन, हार, नारळ, वह्यावाटप आणि फोटो यात पाऊण तास जातो आणि त्या दिवसाची मुलांची सगळी ताकद तिथेच संपते. देणगीदार रागावले तर त्यांना आदल्या दिवशी चहाला बोलवा. पालकांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय एकही फोटो ग्रुपवर जायला नको.

अडीच तास

साडेसहाला मुलं येतात आणि पहिली २० मिनिटं काहीही नसतं. ही वेळ कापू नका; प्रवासाचा शीण तिथे उतरतो. मग अंगणात लेझीम. लेझीम धरायला दोन्ही हात लागतातच, त्यामुळे "अधू हात वापर" असं न म्हणता तो हात कामाला लागतो. हलक्यातली हलकी आणा आणि बाहेरच वाजवा, बंद खोलीत तो खळखळाट असह्य होतो. ज्यांना मूठ वळत नाही त्यांना एक टिपरी. १५ मिनिटं, बस.

त्यानंतर पडदे ओढलेल्या खोलीत चटईवर १५ मिनिटं आडवं. सक्ती सगळ्यांना, "मला नको" म्हणणाऱ्यांनाही. मग हातांचं काम. आमच्याकडे विणकाम असतं, कारण निम्म्या घरांत यंत्रमाग आहे नाहीतर होता, आणि कांड्या भरणारी आजी आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीला खाचा पाडून उभं सूत ताणायचं आणि जाड रंगीत सूत एक वर एक खाली घालत जायचं. एका हाताने करणाऱ्यासाठी चौकट मोठ्या चिमट्यांनी टेबलाला पक्की करा. काही मुलांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते; त्यांच्या चौकटीच्या डाव्या कडेला लाल सूत लावा आणि सांगा, "लाल दिसेपर्यंत जायचं." २० मिनिटांत दोन बोटं विणून झालं तरी पुष्कळ.

रोज हाच क्रम, हीच जागा, भिंतीवर त्याच चार चित्रांचा तक्ता. नावीन्य आपल्याला लागतं. ज्याला काल काय झालं ते आठवत नाही त्याला सारखेपणाचा आधार असतो. "काल काय केलं सांग बरं?" अशी परीक्षा घेऊ नका. चुकीचं उत्तर एकदा तोंडातून गेलं की तेच पक्कं बसतं. आपणच आधी सांगा: "काल आपण निळं सूत लावलं, आज पिवळं."

एक दिवस बाहेर न्यायचं तर सिद्धेश्वर तलाव. पण सातच्या आत पोहोचा, आठच्या आत परत. देवळाच्या फरशीवर चपला काढाव्या लागतात, आणि काहींच्या एका पायाला चटका कळत नाही. पाय भाजतो आणि मूल चालत राहतं. मोजे घालूनच न्या. किल्ल्यात मी नेत नाही. तिथली उंचसखल फरसबंदी व्हीलचेअरला आणि चाकं ढकलणाऱ्याला दोघांनाही छळते.

खाणं

यासाठी ४० मिनिटं ठेवा. सोलापुरात पाहुणचार म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाचटणी, आणि गिळायला त्रास असलेल्या मुलासाठी नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यात धोक्याच्या. कडक भाकरीचे तुकडे टोचतात, कोरडी चटणी श्वासाबरोबर आत जाते. पातळ पाणीसुद्धा काहींना भलतीकडे जातं. जेवताना खोकला येणं, आवाज घोगरा-ओलसर होणं, डोळ्यांत पाणी येणं ही लक्षणं दिसली तर त्या मुलाचं खाणं-पिणं त्याच्या डॉक्टरांना किंवा स्पीच थेरपिस्टला विचारूनच. आम्ही ज्वारीची घट्ट आंबील, दहीभात मऊ कालवून आणि कुस्करलेलं केळं ठेवतो. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, चमचा अर्धा, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. म्हणूनच विश्रांती खाण्याच्या आधी ठेवलीय.

काही झालंच तर

फिट आली: घड्याळ बघा. कुशीवर वळवा, डोक्याखाली टॉवेल, आजूबाजूचं सामान बाजूला. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवायला कुणीतरी धावतोच. त्याला दारात उभं करा, गर्दी हटवायला. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी द्या. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच पुन्हा आली, तर १०८.

अंग तापलं, मूल नेहमीपेक्षा बावरलेलं वाटलं: लगेच १०८, आणि गाडी येईपर्यंत सावली, ओले टॉवेल, पंखा. "नेहमीपेक्षा" हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून जोडीदार स्वयंसेवक आठही दिवस तोच ठेवा. डोकं आपटलं आणि नंतर उलट्या, वाढती गुंगी, जोराची डोकेदुखी, एका डोळ्याची बाहुली मोठी असं काही दिसलं तर घरी सोडू नका, थेट रुग्णालयात. शंट असलेल्या मुलाला पडल्याशिवायही डोकेदुखी, उलटी आणि गुंगी एकत्र आली तर तसंच.

राग आला, वस्तू फेकली: समजावत बसू नका. आवाज खाली, एकच माणूस जवळ, बाकीचे बाहेर. कोपऱ्यात चटई, टेबलफॅन, ओला टॉवेल. दहा मिनिटांनी त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मागच्या वर्षी एकाने डबा भिरकावला, तर शेजारचा शांतपणे म्हणाला, "काय बे, दमलास?" आमच्यातल्या कुणालाही इतकं अचूक निदान जमलं नसतं.

आया आणि भावंडं

आयांना शेजारच्या वर्गात चटया टाकून द्या. आम्ही सुरुवातीला त्यांच्यासाठी व्याख्यान ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी वक्ते आले तेव्हा सातपैकी पाच झोपल्या होत्या. व्याख्यान रद्द केलं, तेव्हापासून तो वर्ग झोपेचाच. भावंडांना मात्र काम द्या, सूत गुंडाळायचं, नाहीतर ती नुसती बघत बसतात. "बरा होईल का हो?" हे तुम्हाला विचारलं जाईल. ते डॉक्टरांनी सांगायचं. तुम्ही एवढंच सांगा की आज त्याने किती वेळ बसून विणलं.

शेवटच्या दिवशी गॅदरिंग नाही. प्रत्येकाची विणलेली पट्टी आणि एक कागद: काय केलं की तो शांत होतो, किती मिनिटांनी दमतो, त्याची चप्पल कोणती. शाळा सुरू झाली की आया तो वर्गशिक्षकांना दाखवतात.

आणि पालकांना आधीच सांगून ठेवा की शिबिर संपल्यावर एक-दोन दिवस मूल जास्त झोपेल. झोपू द्या. पण गोळ्यांच्या वेळेला उठवा, आणि हाक मारून जागं होत नसेल, उलट्या होत असतील तर ती झोप नव्हे, लगेच दवाखाना. विचारपूस करायला आम्ही तिसऱ्या दिवशी फोन करतो, तोही अकरानंतर.